डॉक्टर जॉन्सन आणि बदलती भाषा

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना त्या भाषेंतले अवजड शब्द फारसे अडवीत नाहींत. ते पाठ करतां येतात. अडवितात तीं लहान लहान क्रियापदें, आणि त्यांतहि बदल सांगणारीं. मराठींत मनुष्य म्हातारा होतो, आंधळा होतो, श्रीमंत होतो; एकच ‘होणें’ तिन्ही ठिकाणीं चालतें. इंग्रज मात्र म्हातारा होतांना ‘ग्रो ओल्ड’ म्हणतो, म्हणजे वाढतो. आंधळा होतांना ‘गो ब्लाइंड’ म्हणतो, म्हणजे जातो. श्रीमंत होतांना ‘गेट रिच’ किंवा ‘ग्रो रिच’ म्हणतो, पण ‘गो रिच’ असें चुकूनहि म्हणत नाहीं. त्याचें दूध नासतें तेव्हां ‘टर्न सावर’, म्हणजे वळतें; त्याची विहीर आटते तेव्हां ‘रन ड्राय’, म्हणजे धांवते; आणि त्याचें स्वप्न खरें ठरतें तेव्हां ‘कम ट्रू’, म्हणजे येतें. आजारी मात्र तो आपल्यासारखाच पडतो, ‘फॉल इल’. झोपेंतहि तो पडतोच, ‘फॉल अस्लीप’. आपल्याला तेथें झोप लागते. उलट झाडाचें पान पिवळें पडतें तें आपल्याकडे. इंग्रजींत तें ‘टर्न येलो’.

असें कां, म्हणून विचारलें तर प्रघात हेंच बहुतेक उत्तर. तरी त्यांत थोडीशी दिशा दिसते. ‘गो’ बहुधा बिघाडाकडे नेतें, जसें ‘गो बॅड’, ‘गो मॅड’; ‘कम’ पुष्कळदां इष्ट गोष्टीकडे आणतें; ‘ग्रो’ सावकाश होणाऱ्या बदलाला, ‘टर्न’ रंग पालटण्याला आणि ‘फॉल’ आपल्या इच्छेवांचून घडणाऱ्या गोष्टीला लागतें. नामांचेंहि तसेंच आहे. बदल करणें याला ‘मेक अ चेंज’ म्हणतात, ‘डू अ चेंज’ म्हणत नाहींत. आणि दुखणें बळावलें म्हणजे तें ‘टेक अ टर्न फॉर द वर्स’, जणूं रस्त्यानें चालतां चालतां वाईट वळण घेतें. या जोड्या ज्याला साधल्या त्याचें इंग्रजी इंग्रजासारखें वाटतें. ज्याला साधल्या नाहींत त्याचें, व्याकरण निर्दोष असूनहि, भाषांतरासारखें वाटतें.

या रानांत शिरून एकेक क्रियापद हातीं धरावें आणि त्याच्या सर्व सोबत्यांसह त्याची नोंद करावी, हें काम ज्यानें प्रथम एवढ्या चिकाटीनें केलें तो डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन. नांव मराठी वाचकांना नवें नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमालें’त त्याच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. येथें आम्ही मुख्यतः कोशकार जॉन्सनची हकीकत सांगणार आहों. भाषेंतला बदल थांबवावा म्हणून तो या कामाला लागला, आणि काम संपलें तेव्हां त्याचें स्वतःचेंच मत बदललें होतें. त्याच्या चरित्रांतला हाच भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो.

जॉन्सनचा जन्म १७०९ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांतील लिचफील्ड या गांवीं झाला. बाप मायकेल जॉन्सन पुस्तकविक्या होता. दुकान आणि बिऱ्हाड एकाच घरांत. मूल जन्मतःच अशक्त. गंडमाळेचे व्रण त्याच्या मानेवर कायमचे राहिले. एका डोळ्यानें त्याला जवळजवळ दिसत नसे आणि एका कानानें ऐकूं येत नसे. राजाचा हात लागला म्हणजे गंडमाळा बरी होते असा त्या काळचा समज होता. म्हणून १७१२ सालीं आईनें त्याला लंडनला नेलें व अ‍ॅन राणीचा हस्तस्पर्श करविला. त्या वेळीं मिळालेलें सोन्याचें पदक त्यानें जन्मभर गळ्यांत बाळगलें. रोगावर मात्र स्पर्शाचा कांहीं परिणाम झाला नाहीं.

गांवच्या लॅटिन शाळेचा मुख्य हंटर हा छडीबद्दल प्रसिद्ध होता. आपल्याला लॅटिन आलें तें त्या छडीमुळें, असें जॉन्सन पुढें सांगत असे. आम्हांला हें पटत नाहीं. तीच छडी त्या शाळेंतल्या इतर मुलांनींहि खाल्ली, आणि त्यांतून जॉन्सन एकच निघाला. त्याची खरी शाळा म्हणजे बापाचें दुकान. तेथें हातीं येईल तें पुस्तक, कधीं सबंध तर कधीं अर्धेंच, तो वाचीत बसे.

१७२८ सालीं तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजांत गेला. पैसा सुमारें तेरा महिने पुरला. जोडे फाटून पायाचीं बोटें बाहेर दिसूं लागलीं, तेव्हां कोणा कनवाळू माणसानें त्याच्या खोलीच्या दाराशीं नवे जोडे ठेवून दिले. जॉन्सननें ते उचलून रागानें फेकून दिले. पदवी न घेतांच तो परतला, आणि १७३१ च्या अखेरीस बाप वारला. पुढें कांहीं दिवस शाळामास्तरकी झाली, पण तींत त्याचा निभाव लागला नाहीं. त्याच्या अंगाला नकळत झटके येत, तोंड वेडेंवांकडें होई. एका शाळेच्या चालकांनीं मुलांवर याचा परिणाम होईल म्हणून त्याला जागा नाकारली. १७३५ सालीं त्यानें एलिझाबेथ पोर्टर या विधवेशीं विवाह केला. तो पंचविशींतला, ती सेहेचाळीस वर्षांची. लोक हंसले, पण त्याचें तिच्यावर अखेरपर्यंत मनापासून प्रेम होतें. तिच्या पैशावर एडियल येथें काढलेली शाळा थोड्याच दिवसांत बंद पडली. विद्यार्थी मोजके होते. त्यांतला एक डेव्हिड गॅरिक, जो पुढें इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ नट झाला. १७३७ च्या मार्चमध्यें गुरु आणि शिष्य दोघेहि नशीब काढावयास लंडनला निघाले.

लंडनांतलीं पहिलीं नऊ वर्षें मासिकांसाठीं पानें भरण्यांत गेलीं. पार्लमेंटांतलीं भाषणें छापण्यास तेव्हां बंदी असे. जॉन्सन तीं स्वतः न ऐकतां, तुटपुंज्या टिपणांवरून, काल्पनिक देशाच्या नांवाखालीं लिहून देई. सॅव्हेज नांवाच्या कविमित्राबरोबर, निजावयास जागा नाहीं म्हणून, त्यानें कित्येक रात्री लंडनच्या रस्त्यांतून चालत काढल्या. हें सारें थोडक्यांत सांगून आम्ही मुख्य गोष्टीकडे वळतों.

इंग्रजी भाषा दिवसेंदिवस बिघडत चालली आहे, तिला कोणी तरी बांध घातला पाहिजे, अशी ओरड त्या काळीं इंग्लंडांत फार होती. ‘गलिव्हर’ची गोष्ट लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टनें १७१२ सालीं खजिन्याच्या प्रधानाला उद्देशून पत्र छापलें, व भाषा कायमची ठरवून टाकण्यासाठीं विद्वानांचें एक मंडळ नेमावें असें सुचविलें. इटलींत अशा मंडळाचा कोश १६१२ सालीं निघाला होता. फ्रान्समध्यें १६३५ सालीं स्थापन झालेल्या अकॅडमीनें, चाळीस सभासद असूनहि, आपला कोश १६९४ सालीं पुरा केला. इंग्लंडांत मंडळ निघालेंच नाहीं. शेवटीं लंडनच्या कांहीं पुस्तकविक्यांनीं एकत्र येऊन १७४६ च्या जूनमध्यें हें सगळें काम एकट्या जॉन्सनवर सोंपविलें. मोबदला १,५७५ पौंड ठरला. मदतनिसांचा पगारहि त्यांतूनच द्यावयाचा होता. मुदत त्यानें स्वतःच तीन वर्षांची सांगितली. एवढा मोठा अंदाज चुकलेला मनुष्य विरळा. काम नऊ वर्षें चाललें.

१७४७ सालीं त्यानें कोशाची योजना छापून लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या सरदाराला अर्पण केली. तींत त्याचा उद्देश स्पष्ट होता: उच्चार ठरवावे, शुद्धता राखावी, भाषेला स्थैर्य द्यावें. वारा अडवावा तसा बदल अडवितां येईल, निदान बराच काळ रोखून धरतां येईल, असें तेव्हां त्याला वाटत होतें.

गफ स्क्वेअर नांवाच्या लहानशा चौकांत त्यानें घर घेतलें आणि वरच्या पोटमाळ्यावर लेखनिकांची कचेरी थाटली. लेखनिक सहा, त्यांतले पांच स्कॉटलंडचे. स्कॉच लोकांची जन्मभर थट्टा करणाऱ्या माणसानें त्यांनाच पोसलें, ही मौज ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कामाची रीत अशी. जॉन्सन चांगल्या ग्रंथकारांचीं पुस्तकें वाची, एखादा शब्द उत्तम रीतीनें वापरलेला दिसला कीं त्याखालीं शिसपेन्सिलीनें रेघ ओढी आणि समासांत त्या शब्दाचें पहिलें अक्षर लिही. मग लेखनिक तें वाक्य वेगळ्या चिठीवर उतरून घेई, आणि चिठ्या वर्णानुक्रमानें लागत. मित्रांकडून आणलेलीं पुस्तकें परत जात तीं रेघांनीं भरून. आरंभीं त्यानें कोऱ्या वह्यांत शब्दांना जागा सोडून मजकूर चढविण्यास सुरुवात केली होती. पण शब्दांचे अर्थ सोडलेल्या जागेंत मावेनात. तो सारा घाट मोडून पुन्हां नव्यानें मांडणी करावी लागली.

मावेनात ते कशामुळें? लांबलचक लॅटिनजन्य शब्दांमुळें नव्हे. अशा शब्दाला एक ओळ पुरते. जागा खाल्ली ती याच लहान क्रियापदांनीं. एकट्या ‘टेक’चे अर्थ सव्वाशेंहून अधिक झाले. ‘पुट’, ‘सेट’, ‘गो’, ‘रन’, ‘मेक’, ‘टर्न’, ‘फॉल’ यांचीहि तीच तऱ्हा. जॉन्सनची पद्धति अशी कीं, शब्दाचा मूळचा, इंद्रियांना कळणारा अर्थ आधीं द्यावयाचा, आणि तेथून पायरी पायरीनें लाक्षणिक अर्थाकडे यावयाचें. ‘ग्रो’ घेतला तर झाडाच्या वाढीपासून निघून तो हळूहळू एक स्थिति सुटून दुसरी लागण्याच्या अर्थापर्यंत येऊन पोंचतो. म्हणजे माणसाचें म्हातारपण झाडाच्या वाढीशीं कसें जोडलेलें आहे तें वाटेंत दिसून येतें. आमच्या मतें विद्यार्थ्यानें क्रियापदें शिकावीं तीं अशा वाटेनें. पंचवीस अर्थ ओळीनें घोकण्यापेक्षां एका अर्थांतून दुसरा कसा फुटला तें पाहिलें तर तो विसरत नाहीं.

दुसरें एक संकट म्हणजे क्रियापदाला चिकटणारीं अव्ययें. ‘ब्रेक ऑफ’, ‘गिव्ह ओव्हर’, ‘सेट इन’, ‘फॉल ऑन’, ‘टेक ऑफ’ अशा जोड्या इंग्रजींत इतर भाषांपेक्षां फार, आणि परक्या माणसाला याहून कठीण कांहीं नाहीं, हें जॉन्सननें प्रस्तावनेंत मुद्दाम नमूद केलें. दोन्ही शब्द माहीत असून जोडीचा अर्थ लागत नाहीं, हा अनुभव आमच्या वर्गांत रोजचा आहे. त्यानें या जोड्या काळजीनें गोळा केल्या; संग्रह पूर्ण झाल्याचा दावा केला नाहीं, पण अभ्यास करणाऱ्याला यापुढें त्या अगदींच अभेद्य राहणार नाहींत एवढी आशा बाळगली. गंमत अशी कीं, त्या जोड्याहि स्थिर राहिल्या नाहींत. ‘टेक ऑफ’चा अर्थ त्यानें नक्कल करणें असा दिला. आज तो शब्द ऐकला कीं मुलांच्या डोळ्यांपुढें विमान जमीन सोडतांना दिसतें. ‘गिव्ह ओव्हर’ म्हणजे सोडून देणें; तेथें आतां बहुधा ‘गिव्ह अप’ येतें. ‘सेट इन’ मात्र तसेंच आहे. पावसाची झड लागली म्हणजे इंग्रज अजूनहि तेंच म्हणतो.

हें काम चालूं असतांनाच पोटासाठीं त्यानें १७५० पासून ‘रॅम्बलर’ नांवाचें निबंधपत्र चालविलें. आठवड्यांतून दोनदां, असे एकंदर २०८ अंक. त्यांतले बहुतेक सारे त्याच्या एकट्याच्या हातचे. १७५२ च्या मार्चमध्यें तें बंद झालें, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनीं त्याची पत्नी वारली. कोश पुरा झालेला तिनें पाहावा ही त्याची इच्छा राहून गेली. त्याच वर्षीं इंग्लंडनें नवें पंचांग स्वीकारलें. २ सप्टेंबरच्या रात्रीं निजलेले लोक सकाळीं उठले ते १४ तारखेला. मधले अकरा दिवस कायद्यानें नाहींसे झाले, आणि जॉन्सनचा वाढदिवस ७ चा १८ सप्टेंबर झाला. तारखांत असा फेरबदल पार्लमेंट करूं शकलें. शब्दांत तो कोणालाच करतां येत नाहीं, हें तोंवर जॉन्सनला पुरें कळून चुकलें होतें.

कारण नऊ वर्षें रोज तीन-चार पिढ्यांपूर्वींचे ग्रंथ आणि समकालीन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचणाऱ्याला एकच गोष्ट पुन्हां पुन्हां दिसत होती. शब्द जन्मतात, अर्थ पालटतात, जोड्या सुटतात, नव्या जुळतात. आपण ज्यांना शुद्ध म्हणतों ते ग्रंथकारहि त्यांच्या आधींच्यांहून निराळे लिहीत. म्हणून १७५५ च्या प्रस्तावनेंत त्यानें आपली पूर्वींची आशा मोकळेपणानें मागें घेतली. शब्दकोश लिहून भाषा मसाला घातलेल्या प्रेतासारखी टिकवितां येईल असें मानणारा कोशकार हंसण्यास पात्र आहे, असा त्याचा आतांचा निर्णय होता, आणि तो त्यानें आपल्याच पूर्वींच्या मताविरुद्ध दिला. विद्वानांच्या मंडळाबद्दलहि त्याला आशा उरली नाहीं. फ्रेंच अकॅडमी असूनहि फ्रेंच बदललीच.

भाषा बदलते कशानें, याचीं कारणें त्यानें मांडलीं आहेत तीं आजहि वाचण्यासारखीं आहेत. एका देशानें दुसरा जिंकला तर भाषा एकदम बदलते, पण तें क्वचित्. नेहमीं काम करणारीं कारणें निराळीं: व्यापारानें येणारा परक्यांचा सहवास, विद्येबरोबर वाढणाऱ्या नव्या कल्पना, फॅशन, आणि सर्वांत घातक म्हणून त्यानें बोट ठेवलें तें भाषांतरावर. परके सुटे शब्द हजारांनीं आले तरी भाषेची वीण तीच राहते. पण परक्या भाषेची शब्द जुळविण्याची रीत आली म्हणजे वीणच बदलते, असें त्याचें म्हणणें. फ्रेंचमधून घाईनें भाषांतरें करणाऱ्यांनीं इंग्रजीची ही दशा करूं नये म्हणून तो कळवळून लिहितो. आम्हांला येथें आपली मराठी आठवल्यावांचून राहत नाहीं. टेबल, स्टेशन, पेन्सिल आल्यानें मराठीचें कांहीं बिघडलें नाहीं. पण कशावर तरी ‘प्रकाश टाकणें’, कशांत तरी ‘भाग घेणें’ असल्या जोड्या इंग्रजीच्या वाटेनें आल्या आणि आतां त्या आपल्याच वाटूं लागल्या आहेत. त्या वाईट कीं चांगल्या यावर मतभेद होईल. बदल शब्दांपेक्षां शब्दांच्या जोड्यांतून खोलवर शिरतो, एवढें मात्र जॉन्सननें अचूक ओळखलें.

तरीहि त्यानें शस्त्रें खालीं ठेवलीं नाहींत, हें सांगितलें पाहिजे. मरण टळत नाहीं म्हणून कोणी औषध सोडीत नाहीं. भाषेचा ऱ्हासहि टळत नसला तरी लांबवावा, अशा वृत्तीनें त्यानें काम संपविलें. न आवडणाऱ्या शब्दांवर तो हलकेपणाचा शिक्का मारी. ‘क्लेव्हर’ आणि ‘फन’ हे दोन्ही शब्द त्यानें हलके ठरविले. पहिला आज शाळांच्या प्रगतिपुस्तकांत झळकतो, आणि दुसऱ्यावांचून तर मुलांचें पान हालत नाहीं.

कोश निघण्याच्या सुमारास चेस्टरफील्डला त्याची आठवण झाली. सात वर्षें या सरदारानें ढुंकूनहि पाहिलें नव्हतें. सुरुवातीस दिलेले दहा पौंड एवढेंच त्याचें साहाय्य. १७५४ च्या अखेरीस त्यानें एका पत्रांत कोशाची स्तुति करणारे दोन लेख लिहिले, अर्थात् ग्रंथ आपल्याला अर्पण व्हावा म्हणून. १७५५ च्या फेब्रुवारींत जॉन्सननें त्याला उत्तर धाडलें. त्यांत शिवी एक नाहीं, आवाज चढलेला नाहीं. साहाय्य लागत होतें तेव्हां दार बंद होतें. आतां जोडीदारीण गेल्यावर, कोणाला दाखवावें असें माणूस न उरल्यावर, तें नको आहे, एवढाच त्याचा अर्थ. चेस्टरफील्डनें तें पत्र टेबलावर ठेवून आल्यागेल्याला दाखविलें व त्यांतल्या भाषेची तारीफ केली. यावरून त्याचाहि एक गुण दिसतो. ग्रंथकारानें बड्यांच्या ओसरीवर ताटकळावें, हा इंग्लंडांतला जुना रिवाज त्या पत्रानंतर झपाट्यानें ओसरला असें पुष्कळ मानतात; वाचकवर्ग वाढला हें त्याचें मोठें कारण, पण पत्रानें त्याला वाचा फोडली खरी.

१५ एप्रिल १७५५ रोजीं कोश दोन प्रचंड भागांत बाहेर पडला. त्यांत ४२ हजारांहून अधिक शब्द व त्यांच्या आधाराला १ लाखाहून अधिक उतारे होते. किंमत साडेचार पौंड. थोड्याच दिवसांपूर्वीं ऑक्सफर्डनें त्याला एम्. ए. ही पदवी सन्मानानें दिली होती; जोड्यांवांचून घरीं गेलेल्या विद्यार्थ्याच्या नांवापुढें ती मुखपृष्ठावर छापतां आली. कोशांत चुका होत्या. घोड्याच्या पायाच्या एका भागाचा अर्थ त्यानें साफ चुकीचा दिला. एका बाईनें कारण विचारतां त्यानें निव्वळ अज्ञान हें कारण सांगितलें. ओट या धान्याची व्याख्या लिहितांना तर तें इंग्लंडांत घोड्यांना घालतात व स्कॉटलंडांत माणसें खातात असा टोला त्यानें हाणला. बिचाऱ्या पांच लेखनिकांनीं तो निमूटपणें उतरून घेतला असेल. पुढें शंभरांहून अधिक वर्षें इंग्रजीचा प्रमाणग्रंथ हाच. १८८४ ते १९२८ या काळांत ऑक्सफर्डचा महाकोश खंडशः निघाला; त्यानें तर प्रत्येक शब्दाचा बदल सालवारीनें नोंदणें हेंच आपलें काम मानलें.

कीर्ति आली, पैसा आला नाहीं. मोबदला केव्हांच खर्चून गेला होता. १७५६ सालीं सहा पौंडांहून कमी कर्जासाठीं त्याला अटक झाली आणि कादंबरीकार रिचर्डसननें पैसे धाडून सोडविलें. १७५९ च्या जानेवारींत आई वारली. तिच्या उत्तरक्रियेचा खर्च भागावा म्हणून त्यानें एका आठवड्याच्या संध्याकाळीं बसून ‘रासेलस’ ही गोष्ट लिहिली. अ‍ॅबिसिनियाचा एक राजपुत्र सर्व सुखांनीं भरलेल्या दरींत राहतो. तेथें कांहीं उणें नाहीं आणि कांहीं बदलतहि नाहीं. म्हणूनच तो कंटाळतो व बाहेरचें जग पाहावयास पळून जातो. हिचें मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं आरंभिलें व तें त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनीं पुरें केलें. पितापुत्रांचें हें काम आमच्या वरच्या वर्गांतल्या मुलांनीं मूळ इंग्रजीशेजारीं ठेवून अवश्य पाहावें. शब्दाला शब्द न ठेवतां वाक्याला वाक्य कसें ठेवावें तें तेथें शिकावयास मिळतें.

१७६२ सालीं राजानें वार्षिक ३०० पौंडांचें पेन्शन दिलें. कोशांत त्यानें या शब्दाचा अर्थ देशद्रोहाबद्दल मिळणारा मोबदला अशा थाटाचा लिहून ठेवला होता, त्यामुळें शत्रूंना हंसावयास चांगलेंच निमित्त सांपडलें. पण पोटाची काळजी मिटली. पुढच्या वर्षीं त्याला बॉस्वेल भेटला, त्याचें अजरामर चरित्र लिहिणारा. १७६४ सालीं चित्रकार रेनॉल्ड्सच्या सूचनेनें क्लब निघाला, ज्यांत गोल्डस्मिथ व बर्क होते आणि पुढें संस्कृतचा पंडित सर विल्यम जोन्सहि आला. शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ति, कवींचीं चरित्रें हीं मोठीं कामें याच काळांतलीं. घर मात्र निराश्रितांनीं भरलेलें असे: एक आंधळी कवयित्री, गरिबांना औषध देणारा एक वैद्य, आणि जमेकांत गुलामगिरींत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर, जो पत्नीच्या मृत्यूनंतर लगेच त्याच्याकडे आला. जॉन्सननें त्याला शाळेंत घातलें, मुलाप्रमाणें वागविलें. हॉज नांवाचें एक मांजरहि होतें. त्याच्यासाठीं कालवें विकत आणण्यास हा विद्वान् स्वतः बाजारांत जाई. मांजराची सरबराई चाकरांना करावयास लावली तर ते त्याचा राग त्या मुक्या जनावरावर काढतील, ही त्याची भीति.

१७७३ सालीं कोशाची सुधारलेली चौथी आवृत्ति निघाली. तिची तयारी चालली असतां बॉस्वेलनें ‘सिव्हिलिझेशन’ हा नवा शब्द घालावा म्हणून आग्रह धरला. जॉन्सननें तो घेतला नाहीं, जुना ‘सिव्हिलिटी’च पुरे म्हणाला. पुढें काय झालें तें इतिहासाच्या कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत दिसतें.

त्याच्या म्हातारपणची एक हकीकत सांगितल्यावांचून हें चरित्र पुरें होणार नाहीं. बाप उटॉक्सेटर गांवच्या बाजारांत पुस्तकांचें दुकान मांडीत असे. एके दिवशीं तो आजारी होता म्हणून त्यानें सॅम्युएलला आपल्याऐवजीं जाण्यास सांगितलें. मुलाला दुकानावर बसण्याची लाज वाटली. तो गेला नाहीं. सुमारें पन्नास वर्षांनीं, सर्व युरोपभर नांव झाल्यावर, जॉन्सन एका पावसाळी दिवशीं त्या बाजारांत गेला, आणि बापाचें दुकान जेथें असे त्या जागीं, डोक्यावरची टोपी काढून, भर पावसांत बराच वेळ उभा राहिला. बाजाराला आलेले लोक पाहत होते. आजूबाजूस कोणाला कांहीं कळलें नसेल.

१३ डिसेंबर १७८४ रोजीं लंडनांत त्याचा अंत झाला, आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबींत त्याला मूठमाती मिळाली. मालमत्तेचा मोठा वांटा त्यानें बार्बरच्या नांवें केला. बार्बर पुढें लिचफील्डला जाऊन राहिला. गफ स्क्वेअरमधलें तें घर अद्याप उभें आहे; आतां तेथें संग्रहालय आहे, आणि जेथें लेखनिक चिठ्या उतरीत तो पोटमाळा पाहावयास मिळतो. समोरच्या चौकांत १९९७ सालीं हॉजचा कांशाचा पुतळा बसविला. मांजर कोशावर बसलें आहे, पायाशीं कालवांचे शिंपले आहेत. जॉन्सनच्या काळीं कालवें हें लंडनच्या गरिबांचें अन्न होतें. आतां तें तेथें श्रीमंतांचें खाणें झालें आहे.